केवढ्याला बसली?

आमच्याकडं कुणी नवी गाडी आणली की पेढे वाटतात. जुनी आणली की पेढे कुणी मागत नाही. माणसं गाडीभोवती एक फेरा मारतात, टायरला पायानं टोचतात आणि विचारतात, "केवढ्याला बसली?" आकडा ऐकला की निम्मी म्हणतात, महाग पडली. उरलेली म्हणतात, एवढ्या स्वस्तात दिली म्हणजे काहीतरी खोड असणार. पूर्वी बाजारातनं बैल आणला की हेच व्हायचं. त्यामुळं मला या बोलण्याचं काही वाटलं नाही. उलट जुनी गाडी बघायला निघालो तेव्हा मला धीर होता तो बैलाच्याच बाजाराचा.

मी मोहोळ तालुक्यातला शेतकरी. सीना नदीच्या अलीकडं, महामार्गापासनं आत आमचं गाव. तिथनं सोलापूर पंचेचाळीस किलोमीटर. जन्म सगळा ऊस, ज्वारी आणि तुरीत गेला. 2022 च्या दिवाळीत कारभारीण सुजली. आधी पाय, मग तोंड. सोलापूरला नेली तर डॉक्टर म्हणाले, दोन्ही किडन्या कामातनं गेल्यात, आठवड्यातनं दोनदा डायलिसिस करावं लागंल. बुधवार आणि शनिवार. एका वेळी चार तास यंत्रावर.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत नाव बसलं, त्यामुळं डायलिसिसला पैसा लागला नाही. हे उपकारच म्हणायचे. पण योजना दवाखान्याच्या दारापासनं सुरू होते. आमच्या दारापासनं त्या दारापर्यंतचं पंचेचाळीस किलोमीटर ज्याचं त्यानं बघायचं.

सुरुवातीला एसटीनं गेलो. जाताना जमायचं. येताना तिचा बीपी उतरलेला असायचा, डोळ्यापुढं अंधारी यायची. स्टँडवर तासभर बाकावर बसवून ठेवायची, मग गर्दीत चढवायची, मग फाट्यावर उतरून गावात यायला वडाप बघायचं. चार खेपांत कळलं की हे व्हायचं नाही. मग गावातल्या एकाची गाडी भाड्यानं लावली. एका खेपेला दीड हजार. महिन्याला नऊ खेपा धरल्या तर साडेतेरा हजार. तेही दिले असते, पण लग्नसराई आली की त्याची गाडी वऱ्हाडाला जायची. आदल्या रात्री फोन यायचा, "आण्णा, उद्या जमत न्हाई." रक्त साफ करायचं यंत्र लग्नाची तिथी बघत नाही. दोनदा असं झालं. दुसऱ्या वेळी तिला रात्री धाप लागली आणि पहाटे दुधाच्या टेम्पोतनं न्यावी लागली. त्या दिवशी ठरलं, दारात स्वतःची गाडी पाहिजे.

आमच्या गावात गाडी दारात असणं ही तशी अलीकडचीच गोष्ट. मारुती 800 देशात आली 1983 साली. गावात ती पहिल्यांदा उभी राहिली ती त्यानंतर दहा-बारा वर्षांनी, डॉक्टरांच्या दारात. तोवर आमची वाहनं म्हणजे बैलगाडी, सायकल आणि फाट्यावरची एसटी. पुढं ट्रॅक्टर आले, मग जीपा, मग मोटारसायकली तर घराला दोन-दोन झाल्या. चारचाकी मात्र हौसेची नाहीतर पुढाऱ्याची, अशीच समजूत होती. गरजेची चारचाकी ही आमच्या वाट्याला आली ती आजारपणानं.

थोरला मुलगा चाकणला कंपनीत आहे. तो म्हणाला, "आण्णा, नवीच घ्या. दीड लाख भरू, बाकी कर्ज करू. वॉरंटी असती, डोक्याला ताप न्हाई." त्याचं चूक नव्हतं. त्याचा पगार एक तारखेला होतो, हप्ता पाच तारखेला जातो. आमचं तसं नाही. पाच लाखाचं कर्ज पाच वर्षांसाठी काढलं तर महिन्याला दहा हजाराच्या वर हप्ता बसतो. हप्ता महिन्याला येतो आणि उसाचं बिल वर्षाला. कायद्यात ऊस गेल्यावर चौदा दिवसांत पैसे द्यायचे असं लिहिलेलं आहे. ते ज्याला वेळेवर मिळाले त्यानं हात वर करावा. मी मुलाला म्हणलं, "तुझ्या आईला घेऊन जायची गाडी बँक ओढून नेईल अशी भीती डोक्यावर ठेवून मी चालवणार नाही. जे रोख आहे त्यात बसंल ती घेऊ." रोख होते अडीच लाख. त्यात दुरुस्तीला पंचवीस हजार बाजूला काढून ठेवायचे. म्हणजे गाडी सव्वादोन लाखाची.

आता कुठली? गावात या बाबतीत सल्ल्याला तोटा नाही. कुणी म्हणालं डिझेल घ्या, सरासरी देते. मी वहीत हिशेब मांडला. नव्वद किलोमीटरच्या नऊ खेपा म्हणजे आठशे दहा. वर बाजार, पाव्हणेरावळे धरून हजार-अकराशे. एवढ्याला डिझेल कशाला? ज्याची गाडी महिन्याला तीन-चार हजार किलोमीटर पळते त्याला डिझेल परवडतं. जुन्या डिझेलचा पंप नाहीतर टर्बो गेला तर एका फटक्यात पाच वर्षांची बचत जाते. गॅसवरची गाडी स्वस्तात पळते, पण मागची जागा टाकी खाते. आम्हाला तिथं उशी, चादर, डबा आणि दवाखान्याची पिशवी ठेवायची होती. म्हणजे पेट्रोल.

खरा निर्णय मात्र कारभारणीनं केला. ती म्हणाली, "आवं, तुम्ही इंजान बगा, पर मला बसता येतंय का न्हाई ते आदी बगा." तिचे गुडघे वाकत नव्हते. पहिली गाडी बघायला तिला बरोबर नेली. बुटकी होती. आत जाताना मान तिरकी, कंबर खाली, गुडघा पोटाशी. बसली, पण उठता येईना. दोघांनी ओढून काढली. तिथंच कळलं की सीट कमरेच्या उंचीला पाहिजे, म्हणजे माणूस आधी टेकतो आणि मग पाय आत घेतो. असं बसायला वॅगनआर बरी पडते. छत उंच, दार मोठं, सीट वर. शिवाय मोहोळच्या कुठल्याही गॅरेजात तिचं सामान मिळतं आणि कुठलाही मिस्त्री ती डोळे झाकून खोलतो. भारी नावाची गाडी स्वस्तात मिळत होती, पण तिचा एक सुटा भाग पुण्याहून यायला चार दिवस लागले तर मधला बुधवार कुणी भरून द्यायचा?

वडील सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात खिलार बैल घ्यायचे. मी लहानपणापासनं मागं असायचो. हेडी आणि गिऱ्हाईक रुमालाखाली बोटं दाबून भाव करायचे, त्यातलं मला काही कळायचं नाही. पण वडलांच्या चार गोष्टी डोक्यात बसल्या. पहिली, शिंगाच्या रंगाकडं बघू नये. शिंगं साळून, हिंगूळ लावून म्हातारा बैल तरणा दाखवता येतो, दात बघावेत. दुसरी, बैल बसल्या जागेवरनं उठताना बघावा. तिसरी, जुंपल्याशिवाय इसार द्यायचा नाही. चौथी, विकतोयस का, हे विचारावं आणि उत्तर ऐकताना माणसाच्या तोंडाकडं बघावं.

गाडीला हे चारही नियम जसेच्या तसे लागू पडतात.

सोलापुरात जुन्या गाड्या विकणाऱ्याकडं एक गाडी बघितली. धुऊन पुसून, नवी सीट कव्हरं घालून नवरीसारखी उभी केलेली. किलोमीटर बेचाळीस हजार. पण क्लचच्या पायपट्टीचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं आणि स्टेअरिंगला हात लागून लागून चकाकी आलेली. बेचाळीस हजारात एवढी झीज होत नाही. काट्याचा आकडा मागं घेता येतो, पायपट्टीचा घेता येत नाही. हेच गाडीचे दात. बरोबर मोहोळचा मिस्त्री होता. त्याला दिवसाची मजुरी देऊन नेलं होतं, आणि ते पैसे सगळ्यात कामी आले असं मी म्हणेन. त्यानं चारी काचांच्या कोपऱ्यातला बारीक छाप बघितला. तीन काचा एका सालच्या, एक दोन वर्षांनी नवी. म्हणजे त्या बाजूनं ठोकर बसलेली. बॉनेटच्या बोल्टांचा रंग पान्यानं उडालेला. आम्ही चहा घेतला आणि निघालो.

दुसरी गाडी पंढरपुरातली. भाव भलताच कमी. मिस्त्रीनं काय केलं, तर सीटबेल्ट धरून पार शेवटपर्यंत बाहेर ओढला. टोकाला वीतभर पट्ट्यावर गाळाची रेघ. 2020 च्या ऑक्टोबरात भीमेला पूर आला होता, तेव्हा ही कुठंतरी पाण्यात उभी असणार. सीट धुता येतात, गालिचा बदलता येतो, पण पट्ट्याचं ते टोक कुणी बघत नाही आणि कुणी धूत नाही. पाण्यात बुडालेल्या गाडीच्या वायरी पुढं वर्ष-दोन वर्षं गंजत राहतात आणि कधी दगा देतील सांगता येत नाही. आमच्या कामाला तर ती मुळीच चालायची नाही.

तिसरी बार्शीच्या एका निवृत्त गुरुजींची. 2014 ची वॅगनआर, पहिलेच मालक, पासष्ट हजार किलोमीटर. फोनवरच सांगितलं होतं, "गुरुजी, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका." गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवला. गार होतं. गरम इंजिन कुणाचंही गोड बोलतं. गार असताना ते एका चावीत उठतं का, हे बघायचं. उठली. सायलेन्सरमागं मी उभा राहिलो. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, पांढरा राहून राहून येत असला तर पाणी आत शिरतंय. सकाळच्या गारव्यात थोडी वाफ आली आणि थांबली. मिस्त्रीनं ऑईलचं टोपण उघडून आत बोट फिरवलं. तिथं दुधाच्या चहासारखा चिकटा असला तर ऑईलात पाणी मिसळलंय. तसं काही नव्हतं.

मग जुंपून बघितली. गावाबाहेर, खड्ड्याच्या रस्त्यानं, चढाला, खिडक्या वर करून आणि टेप बंद ठेवून. मोकळ्या ठिकाणी हळूच स्टेअरिंग सोडून बघितलं, एका अंगाला ओढते का. स्टेअरिंग पुरं वळवलं तेव्हा पुढनं कटकट आवाज आला. मिस्त्री म्हणाला, "एक्सलचा जॉइंट गेलाय, चार हजाराचं काम." टायरवर आठवडा आणि साल यांचा चार आकडी शिक्का असतो. त्यावर 2316 होतं, म्हणजे 2016 सालच्या तेविसाव्या आठवड्यातले. नक्षी दिसत होती, पण सात वर्षांचं रबर कडक होतं. चार टायर नवे लागणार.

शेवटी विचारलं, "गुरुजी, विकताय का?" ते म्हणाले, "मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, रात्रीचं दिसत नाही. पोरगा परदेशात. मी असा घरी बसलो आणि ती अशी दारात बसली." एवढं बोलून त्यांनी शंभर पानी वही पुढं केली. घेतल्या दिवसापासनं किती पेट्रोल, कधी ऑईल बदललं, कधी ब्रेक केले, सगळं तारीखवार, वळणदार अक्षरात. बिलं मागं टाचलेली. मिस्त्री ती वही चाळत उभाच राहिला. मला म्हणाला, "आण्णा, आता आजून काय बगायचं?"

कारभारीण दार उघडून स्वतःच्या स्वतः बसली. पाय आत घेतले. पुन्हा बाहेर काढले आणि उठली. माझ्याकडं बघून मान हलवली.

गुरुजींनी दोन लाख साठ सांगितले. आम्ही टायर आणि जॉइंट मोजून दाखवले. सव्वादोनला तुटलं. रुमाल लागला नाही.

कागदाचं काम शेतकऱ्याला सोपं जावं. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा असतो तसा आरसी बुकावर बँकेचा बोजा असतो. कर्ज फिटलं तरी तो आपोआप जात नाही. बँकेचा दाखला आणि 35 नंबरचा फॉर्म देऊन उतरवावा लागतो. गुरुजींनी तो उतरवलेला होता. चासी नंबर आणि इंजिन नंबर बुकाशी ताडून बघितले. मोबाईलवर दंडाची पावती बाकी आहे का बघितलं. 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर सह्या झाल्या. इथंही कायद्यात चौदा दिवसच आहेत. विकणाऱ्यानं तेवढ्या मुदतीत आरटीओला कळवायचं. गाडी नावावर झाल्याशिवाय व्यवहार पुरा समजू नये. नाहीतर उद्या अपघात झाला तर कोर्टाचा कागद जुन्या मालकाच्या दारात जातो. खाजगी गाडीचं पासिंग पंधरा वर्षांचं असतं, म्हणजे आमची 2029 पर्यंत मोकळी. पुढं तपासणी करून, टॅक्स भरून पाच-पाच वर्षांनी वाढवता येतं.

2023 च्या मार्चात गाडी दारात आली. पेढे वाटले नाहीत, पण कारभारणीनं चाकाखाली लिंबू ठेवलं आणि बोनटाला हळदकुंकू लावलं. गुरुजींची वही मी पुढं चालवली. माझं अक्षर त्यांच्यासारखं नाही, पण नोंद चुकवली नाही. एका खेपेला पेट्रोल साडेपाचशे-सहाशेचं. भाड्याच्या दीड हजाराशी ताडलं आणि विमा, ऑईल, किरकोळ दुरुस्ती वजा केली, तरी महिन्याला साडेसहा-सात हजार वाचतात. पावणेतीन वर्षांत गाडीनं आपली किंमत फेडली. अलीकडं पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल येतं. आमच्याच उसाचं म्हणायचं. सरासरी जरा उतरली. मिस्त्री म्हणाला, जुन्या गाडीचे रबरी पाईप तेवढे बघत चला. दर ऑईल बदलाला बघतो. ऊस घालतो तो मीच, सरासरी गेली म्हणून कुरकुरतो तोही मीच.

2025 च्या सप्टेंबरात सीनेला असा पूर आला की आमच्या हयातीत बघितला नव्हता. शेतं तळी झाली, माझी दोन एकर तूर गेली. लांबोटीजवळ पाणी आलं आणि सोलापूर-पुणे महामार्ग बंद केला. नेमका बुधवार. गाडी दारात तयार, टाकी भरलेली, आणि रस्ताच नाही. गाडी कितीही भरवशाची असली तरी ती पोहत नाही. सकाळी सातपासनं फोन लावत बसलो. सोलापूरच्या दवाखान्यातल्या सिस्टरनं पंढरपूरच्या एका दवाखान्यात बोलून जागा धरली. तिकडचा रस्ता चालू होता. पावसातच निघालो. खड्डा दिसत नव्हता, कडेची चारी दिसत नव्हती. दुसऱ्या गिअरवर, वायपर चालू ठेवून दोन तास. पंढरपुरात भीमाही फुगलेली. मागच्या सीटवरनं कारभारीण म्हणाली, "पांडुरंगानंच बोलवून घेतलं बगा. इतक्या दिसात आपुन व्हऊन कुटं आलो हुतो?" दुपारी यंत्रावर घेतली, संध्याकाळी सोडली. रात्री नऊला घर गाठलं. त्या दिवशी भाड्याच्या गाडीची वाट बघत बसलो असतो, तर काय झालं असतं ते मी मनातसुद्धा पुरं करत नाही.

आता गावात कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की मला बोलावतात. मी जातो. मिस्त्री बरोबर घ्या म्हणतो, गार इंजिन बघा, सीटबेल्ट ओढून बघा, बोजा उतरवून घ्या, हे सगळं सांगतो. पण त्याच्या आधी दोन गोष्टी विचारतो. रोज गाडीत बसणार कोण? आणि बिघडली तर नीट करणारा किती लांब? पोरं म्हणतात, "आण्णा, कुठली कंपनी चांगली ते सांगा की." मी सांगतो, कंपनी कागदावर असते. गाडी ज्यानं वापरली त्याचा हात बघा, आणि पुढं वापरणार तो आपला हातही बघा. गुरुजींनी नऊ वर्षं वही लिहिली म्हणून मला गाडी मिळाली. ती वही भरली, आता दुसरी चालू आहे. काल शनिवारची नोंद केली: एक्क्याण्णव किलोमीटर, हवा बघितली, पाणी घातलं, ती बरी आहे.